वीस महिन्यांचे कुलूप

पुण्याहून सोलापूरच्या रस्त्याने भिगवण मागे टाकले की डाळजच्या पाट्या लागतात. डाळज नंबर एक, नंबर दोन, नंबर तीन. एका अंगाला महामार्ग आणि ढाबे, दुसऱ्या अंगाला ऊस, आणि उसापलीकडे उजनीचे पाणी. हिवाळ्यात त्या पाण्यावर रोहित पक्षी उतरतात. ते पाहायला शहरातून मोटारी येतात. आम्ही पक्षी पाहायला गेलो नव्हतो. आम्ही गेलो होतो बौद्धवस्तीतल्या एका घरी, आणि तिथे एका माउलीने चहाचा कप पुढे करता करता जो प्रश्न विचारला, तो अजून आमची पाठ सोडत नाही.

"दादा, तुमी शिकल्याली मान्सं. माज्या पोरीला सरकारनं दहावीला पास केलं. मग ती खरंच पास झाली का न्हाई?"

तिची थोरली मुलगी २०२१ साली दहावी झाली. म्हणजे परीक्षेला न बसता झाली. वाचकहो, त्या वर्षाचा निकाल आठवा. १६ जुलै २०२१ रोजी लागलेला तो निकाल ९९.९५ टक्के होता. दोनच वर्षांपूर्वी, २०१९ साली, हाच निकाल ७७.१० टक्के होता. राज्यात जवळपास एकही पोर नापास झाले नाही. पेढे वाटले गेले. पण ज्या घरात शिक्षण म्हणजे काय हे तीन पिढ्यांनी ऊर फोडून मिळवले आहे, त्या घरातल्या अडाणी आईलाही त्या पेढ्याची चव काहीशी कडवट लागली. आम्हाला तिचे कौतुक वाटते ते यासाठीच.

या घरात तीन मुले. थोरली मुलगी, मधला मुलगा, धाकटा मुलगा. बाप महामार्गावरच्या ढाब्यात आचारी. आई दुसऱ्याच्या रानात खुरपायला जाणारी. २०२० च्या मार्चमध्ये थोरली नववीत, मधला सहावीत, आणि धाकटा अंगणवाडीतून जूनमध्ये पहिलीत जाणार म्हणून नवे दप्तर मागत होता.

त्या मार्चच्या मध्यावर राज्यातल्या शाळा बंद झाल्या. २४ मार्चच्या रात्री देशच बंद झाला. दहावीचा भूगोलाचा पेपर राहिला तो राहिलाच. ढाबा बंद, आचाऱ्याचा हात रिकामा. त्याच रस्त्याने पुण्याकडून डोक्यावर बोचकी घेऊन चालत निघालेली माणसे या वस्तीने पाहिली. काहींना इथल्या बायांनी भाकरी बांधून दिल्या. चौदा एप्रिलची जयंती घरातच झाली. दारात दिवा, फोटोला हार आणि घरातल्या घरात त्रिशरण-पंचशील. मुंबईहून पायी आलेला एक पुतण्या चौदा दिवस गोठ्यात झोपला. हे सगळे सहन झाले. शाळेचे मात्र कोणी फारसे बोलत नव्हते, कारण "दोन महिन्यांची सुटी" असेच सगळे धरून चालले होते.

दोन महिन्यांचे वीस झाले. ग्रामीण भागातली पहिली ते चौथीची पोरे पुन्हा वर्गात बसली ती १ डिसेंबर २०२१ रोजी. मोजून पाहा, वीस महिने उलटून गेले होते. आणि जानेवारी २०२२ मध्ये ओमायक्रॉनच्या भीतीने शाळा पुन्हा थोड्या दिवसांसाठी बंद झाल्याच. आमच्या धाकट्याची पहिली वर्गाबाहेरच गेली. पहिल्यांदा तो बाकावर बसला तेव्हा दुसरीचे अर्धे वर्ष सरले होते. "नवं दप्तर तवर फाटलं हुतं," आजी म्हणाली, "त्यात कांदं ठेवायचो आमी."

फोन एक, पोरे तीन

'शाळा बंद, पण शिक्षण सुरू' अशी घोषणा झाली. घोषणा वाईट नव्हती. शिक्षकांनी व्हॉट्सॲपचे गट केले, दीक्षा ॲपवर धडे आले, सह्याद्री वाहिनीवर जुलै २०२० पासून 'टिलीमिली' ही पहिली ते आठवीची मालिका लागली. ज्यांच्या घरी दूरदर्शन होते आणि वीज होती त्यांना तिचा उपयोग झाला, हे नाकारण्यात अर्थ नाही. सोलापुरात नीलमनगरच्या कामगार वस्तीत एका मराठी शाळेच्या शिक्षकांनी घराघरांच्या भिंतींवर धडे रंगवून घेतले. पोरे गल्लीतून हिंडत पाढे आणि व्याकरण शिकत होती. उजनीच्या पलीकडच्या माढा तालुक्यातले परितेवाडीचे जिल्हा परिषद शिक्षक रणजितसिंह डिसले यांना त्याच वर्षी, ३ डिसेंबर २०२० रोजी, दहा लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार जाहीर झाला आणि त्यांनी निम्मी रक्कम अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना देऊन टाकली. आपल्या खेड्यातल्या सरकारी शिक्षकाची ही ऐपत आहे. म्हणून शिक्षकांना सरसकट झोडपणाऱ्यांच्या रांगेत आम्ही उभे राहणार नाही. शिवाय त्याच शिक्षकांना 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' म्हणत दारोदार ताप मोजायला आणि नाक्यावर पहाऱ्याला लावले होते, हेही विसरू नये.

पण डाळजच्या या घरात काय झाले?

आचाऱ्याने बचत गटाचे कर्ज काढून जुना स्मार्टफोन घेतला. महिन्याचे रिचार्ज दोनशे रुपयांच्या आसपास. त्या वर्षात मागासवर्गीय मुलींना मिळणारी सावित्रीबाई फुले शिष्यवृत्ती किती होती, ठाऊक आहे? पाचवी ते सातवीच्या मुलीला महिना ६० रुपये, आठवी ते दहावीच्या मुलीला महिना १००, तेही वर्षाचे दहाच महिने. मुलीच्या शिक्षणाला सरकार देते ते एवढे, आणि शिक्षण ज्या तारेवरून येणार त्या तारेचे भाडे त्याच्या दुप्पट. हा हिशेब मांडायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही.

पुढे ढाब्यावर पार्सल सुरू झाले, तेव्हा बाप फोन घेऊन कामावर जाऊ लागला. मालकाचे बोलावणे फोनवरच येई. फोन घरी परतायचा रात्री नऊ वाजता, तोही चार्जिंग संपलेला. मग तिघांत वाटणी. पहिला नंबर मधल्याचा, कारण तो मुलगा. दुसरा धाकट्याचा, कारण तो रडतो. थोरलीचा नंबर सगळ्यांत शेवटी, भांडी घासून झाल्यावर. दहावीचे वर्ष तिचे, आणि नंबर शेवटचा! आम्ही तिला विचारले, तू भांडली नाहीस? ती हसली. "भांडून काय, रेंज तरी कुठं व्हती? विहाराच्या गच्चीवर जायला लागायचं. रातच्याला आई सोडायची न्हाई."

आईने का सोडले नाही, हे सांगायला नको. कोणतीही आई सोडणार नाही. पण त्याच गच्चीवर मधला मात्र रात्री अकरापर्यंत बसत असे, आणि तो तिथे अभ्यास करत नव्हता, हे पुढे सगळ्यांनाच कळले. आपण बौद्ध म्हणवतो, घरात रमाईचा फोटो लावतो, सावित्रीमाईंची जयंती करतो. एकच फोन घरात आला तेव्हा पहिला नंबर कोणाचा लावला, हे ज्याने त्याने आपापल्या घरात आठवून पाहावे.

हे एका डाळजचे रडगाणे नव्हे. ऑगस्ट २०२१ मध्ये ज्याँ द्रेज आणि इतर अभ्यासकांनी पंधरा राज्ये आणि केंद्रशासित प्रदेशांत, महाराष्ट्र धरून, गरीब वस्त्यांतल्या सुमारे १,४०० मुलांची पाहणी केली. ग्रामीण भागात नियमित ऑनलाइन शिकणारी मुले होती ८ टक्के. अजिबात न शिकणारी ३७ टक्के. आता पुढचा आकडा नीट वाचा. ग्रामीण दलित-आदिवासी मुलांत नियमित ऑनलाइन शिकणारी अवघी ४ टक्के, आणि त्याच पाहणीतल्या इतर ग्रामीण मुलांत १५ टक्के. तीही सगळी गरीबच घरे होती. गरिबी सारखी असूनही जातीने पुन्हा चौपट अंतर पाडले. आणि शाळा लवकरात लवकर उघडा, असे म्हणणारे ग्रामीण दलित-आदिवासी पालक होते ९८ टक्के. आमच्या लोकांना पोरांच्या शिक्षणाची फिकीर नाही, असे पारावर बसून बोलणाऱ्यांना हा आकडा सांगावा.

'असर'च्या २०२१ च्या पाहणीत आणखी एक गोष्ट दिसली. घरात स्मार्टफोन असलेल्या मुलांपैकी चौथा हिस्सा मुलांच्या हाती तो कधी लागतच नव्हता. फोन घरात असणे आणि पोराच्या हातात असणे, यात एका आचाऱ्याच्या पाळीएवढे अंतर असते.

प्रज्ञासूर्य बाबासाहेबांचे बालपण आपण मुलांना सांगतो. परळच्या चाळीतली एकच खोली, तीत संसार, माणसे, चूल. रामजीबाबा पोराला संध्याकाळी लवकर झोपवत आणि रात्री दोनला उठवून अभ्यासाला बसवत, कारण तेव्हाच त्या खोलीत शांतता असे. ही कथा आपण अभिमानाने सांगतो, पण तिच्यातली दुसरी बाजू बोलत नाही. भीमरावाला खोली नव्हती, पण एल्फिन्स्टन हायस्कूल होते. सकाळी उठून जायला एक वर्ग होता, फळा होता, शिक्षक होता. तिथेही विटाळाचे काटे होतेच. तरी शाळा उघडी होती. २०२० मध्ये आमच्या पोरांकडे खोली तर एकच होती, आणि शाळाही त्याच खोलीत येऊन बसली. मग ज्याची खोली मोठी त्याची शाळा मोठी, हे ओघानेच आले.

सत्त्याण्णवची साथ

या मुलखाने साथ पहिल्यांदा पाहिली असे नाही. १८९७ साली पुण्यात प्लेग होता. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत इंग्रज सरकारने साथरोगाचा कायदा केला. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्र सरकारने जो कायदा लागू केला तो हाच, सव्वाशे वर्षांपूर्वीचा. तो कायदा होऊन पाच आठवडेही झाले नव्हते, तेव्हा मुंढव्याच्या महारवाड्यातल्या गायकवाडांच्या प्लेग झालेल्या पोराला पाठीवर घेऊन सावित्रीमाई यशवंतरावांच्या दवाखान्यात पोचल्या. पोर वाचले असे सांगतात. माईंना मात्र प्लेगाने गाठले आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. ज्या बाईने १८४८ मध्ये मुलींच्या हाती पाटी दिली, ती साथीत अस्पृश्याचे पोर उचलताना गेली. साथ आणि शाळा या दोन गोष्टींचे नाते आपल्या समाजाला असे पुस्तकाबाहेर माहीत आहे.

म्हणूनच २०२० सालचा क्रम आम्हाला सलतो. मे महिन्यात दारूची दुकाने उघडू लागली. ५ ऑक्टोबर २०२० पासून हॉटेले आणि बार निम्म्या गिऱ्हाइकांत सुरू झाले. नोव्हेंबरात चित्रपटगृहे, पाडव्याला देवळे. नववी ते बारावीचे वर्ग २३ नोव्हेंबरपासून, पाचवी ते आठवीचे २७ जानेवारी २०२१ पासून, तेही मधूनमधून. आणि ज्यांना अजून 'अ' गिरवायचा होता ती शेवटी, पुढच्या वर्षाच्या डिसेंबरात. युरोपात डेन्मार्कने उलटे केले होते. तिथे एप्रिल २०२० च्या मध्यालाच आधी लहान मुलांच्या शाळा उघडल्या, कारण लहान पोर पडद्यावर शिकत नाही. डेन्मार्क छोटा आणि श्रीमंत देश, आपली बरोबरी नाही, हे मान्य. एप्रिल-मे २०२१ ची लाट आम्हीही पाहिली आहे. प्राणवायूसाठी धावणारी माणसे, खाटेसाठी फिरणाऱ्या गाड्या. त्या महिन्यांत शाळा उघडा म्हणण्याची कोणाची छाती नव्हती, आमचीही नव्हती. पण लाट ओसरल्यावर बार आधी आणि बालवाडी नंतर, हा क्रम कोणत्या शास्त्रात बसतो?

मुलींचे काय होते, याचा धडा आफ्रिकेतल्या सिएरा लिओनने आधीच दिला होता. तिथे इबोलाच्या साथीत शाळा बंद राहिल्या, कितीतरी अल्पवयीन मुली गरोदर झाल्या, आणि २०१५ मध्ये शाळा उघडल्यावर सरकारने गरोदर मुलींना वर्गात यायला बंदी घातली. ती बंदी उठायला मार्च २०२० उजाडला. डाळजच्या या घरात सुदैवाने तसले काही झाले नाही. पण थोरलीला दहावीतच "स्थळ आलं हुतं", हे आजीने सहज सांगून टाकले. लॉकडाऊनमध्ये लग्न पंचवीस माणसांत उरकते, खर्च वाचतो, असा पाहुण्यांचा हिशेब. बाप नाही म्हणाला. तो एरवी फार बोलणारा माणूस नाही. आम्ही कारण विचारले तेव्हा त्याने भिंतीवरच्या फोटोकडे मान केली आणि तो कांदा चिरायला गेला.

पास म्हणजे काय?

आता त्या माउलीच्या प्रश्नाकडे येऊ. परीक्षा नाही, मग गुण आले कुठून? दहावीच्या गुणांत निम्मा वाटा नववीच्या निकालाचा धरला होता. पण नववीचीही २०२० ची वार्षिक परीक्षा झालीच नव्हती, तो निकाल पहिल्या सत्रावर लावलेला. म्हणजे या मुलीच्या दहावीच्या दाखल्याचा पाया तिने २०१९ च्या दिवाळीआधी लिहिलेल्या पेपरांवर आहे. त्यानंतर तिने शाळेत काय शिकले याची नोंद सरकारकडे जवळजवळ नाही, कारण शिकण्यासारखे तिला फार काही मिळालेच नाही.

तिला ६८ टक्के मिळाले. विहारात पेढे वाटले. सगळ्यांनी सांगितले, सायन्स घे. तिने घेतले. अकरावीच्या पहिल्या महिन्यात तिला कळले की नववी-दहावीचे बीजगणित आपल्याला येतच नाही. शहरातल्या पोरांनी ते शिकवणीत भरून काढले होते. तिने कोणाला सांगितले नाही. २०२३ साली बारावीला ती गणित आणि भौतिकशास्त्रात नापास झाली. त्या वर्षी परीक्षा पूर्वीसारखी होती, पेपर खरे होते. जुलैच्या फेरपरीक्षेत एक विषय सुटला, पुढच्या वर्षी दुसरा.

"मला वाटायचं मीच ढ," ती म्हणाली. एवढी एक गोष्ट तिने डोळे खाली घालून सांगितली.

ताई, तू ढ नव्हतीस. हे आम्ही तिला तिथेच सांगितले आणि इथे छापूनही सांगतो, कारण ९९.९५ टक्क्यांत उत्तीर्ण होऊन पुढे अडखळलेली अशी मुले आपल्या वस्त्यावस्त्यांत आहेत. त्यांना आईबाप "एवढे मार्क होते, मग आता काय झालं" म्हणून टोचतात. टोचू नका. त्यांच्या हातात पायरीच दिली नव्हती.

मधल्याचे थोडक्यात सांगतो. शाळा बंद होती तेव्हा तो मासेमारीच्या होडीवर जाऊ लागला, भिगवणच्या बाजारात माल पोचवू लागला, हातात पैसे खेळू लागले. शाळा उघडली तेव्हा नाव पटावर होते, मन नव्हते. दहावी कशीबशी केली. आता ट्रॅक्टरवर असतो. आम्ही गेलो तेव्हा घरी नव्हता.

राहिला धाकटा. २०२२ च्या 'असर' पाहणीत देशातली तिसरीची १०० पैकी २० च मुले दुसरीचा उतारा वाचू शकत होती. चार वर्षांपूर्वी ती २७ होती. हा तिसरीतला धाकटा त्या उरलेल्या ८० पैकी होता. सुटे अक्षर ओळखायचा, शब्द लागत नसे. २०२१ च्या जुलै-ऑगस्टमध्ये ४५ दिवसांचा सेतू अभ्यासक्रम काढला होता खरा, पण तोही त्याच एका फोनवर. त्याला खरोखर वाचायला लावले ते दोघांनी. एक त्याच्या शिक्षकांनी, शाळा उघडल्यावर. दुसरी थोरलीने. शाळा बंद असतानाच तिने चुलीतल्या कोळशाने शहाबादी फरशीवर त्याला बाराखडी काढून दिली होती. तिचा फोनचा नंबर शेवटचा होता, म्हणून मधला वेळ तिच्याकडे होता.

'असर'ची २०२४ ची पाहणी सांगते की सरकारी शाळांतली तिसरीची मुले आता २०१८ च्याही थोडी पुढे गेली आहेत. तेव्हा दुसरीचा उतारा वाचणारी २०.९ टक्के होती, २०२२ मध्ये १६.३ झाली, २०२४ मध्ये २३.४. आनंदाची गोष्ट आहे, आणि श्रेय सरकारी शिक्षकांचे आहे. पण ही नवी मुले आहेत. त्या वीस महिन्यांत पहिली-दुसरीत असलेली पोरे आता वरच्या वर्गांत गेली, आणि पाहणी पुढच्या तिसरीकडे वळली. त्यांच्यामागे कोण लागणार? आपणच.

तेव्हा घरोघरच्या मायबहिणींना आमचे एवढेच मागणे आहे. आज रात्री पोराला जवळ बसवा आणि दुसरीच्या पुस्तकातले एक पान मोठ्याने वाचायला सांगा, मग ते पोर सहावीत असो की आठवीत. तुम्हाला स्वतःला वाचता येत नसले तरी चालेल. पोर अडखळते आहे की सरळ चालले आहे हे कानाला कळते. अडखळले तर मारू नका, शाळेत जा. शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक असले पाहिजेत आणि निम्म्या बाया. त्या बैठकीला आपल्यातले किती जण जातात? सही करून परत येणारे सोडून सांगा. वर्षावासात विहारात बाबासाहेबांच्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'चे वाचन होते. तिथे वाचायला दर वेळी तेच एक निवृत्त गुरुजी का? एक पान मुलांना द्या.

डाळजच्या या वस्तीत असे सुरू झाले आहे, म्हणून सांगतो. थोरली आता नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून बी. ए. करते आणि दिवसा भिगवणला एका औषधाच्या दुकानात काम करते. रविवारी संध्याकाळी ती विहारात सात-आठ पोरे घेऊन बसते. आम्ही निघालो तेव्हा तिच्या आईला उत्तर द्यायचे राहिलेच होते. आम्ही म्हणालो, माय, दाखला खरा आहे, शिकवणी मात्र राहून गेली, ती आता ती स्वतः पुरी करते आहे. माउलीने मान डोलावली. तिचे समाधान झाले की नाही, कोण जाणे.

विहारात त्या दिवशी धाकट्याची पाळी होती. हातात बाबासाहेबांचे मुलांसाठीचे चित्रमय चरित्र. 'विद्यार्थी' या शब्दाशी तो थांबला. आम्ही सांगायला तोंड उघडणार, तोच थोरलीने हाताने खुणावले, थांबा. तो शब्द त्याने दोनदा मनातल्या मनात पुटपुटला. बाकीची पोरे गप्प होती. महामार्गावरून एक ट्रक गेला, खिडकीची काच थरथरली, आणि तो अजून त्याच शब्दावर बोट ठेवून होता.